पन्नास किलोंसाठी शॉक

माउंटन बाइकचा मागचा शॉक जेमतेम वीतभर लांब. बाहेर हवेची जाड नळी, तिच्यात सरकणारा चकचकीत दांडा, एका टोकाला बहुधा लाल रंगाचं छोटं बटण. एखाद्या ट्रेल बाइकवर हा दांडा ६० मिलिमीटर आत गेला की मागचं चाक १५० मिलिमीटर वर आलेलं असतं. म्हणजे चाकाला बसलेला धक्का शॉकपर्यंत अडीच पटीने पोचतो. या पटीला लिव्हरेज रेशो म्हणतात.

या यंत्राचं घराणं मोटरसायकलचं. बॉब फॉक्स यांनी १९७४ मध्ये मोटोक्रॉससाठी हवेचा शॉक बनवला, आणि १९८९ मध्ये रॉकशॉक्स ही सस्पेन्शनची कंपनी सुरू करणारे पॉल टर्नरही मोटरसायकलच्याच जगातून आले होते. सायकलवर तर यंत्रापेक्षा माणूस चौपट-पाचपट जड, म्हणून इथे रायडरच्या वजनाला मोटरसायकलपेक्षा फार जास्त महत्त्व. तरी कारखान्यातून शॉक निघतो तो मधल्या वजनाचा, साधारण ७५-८० किलोंचा रायडर धरून. पन्नास किलोंच्या मुलीच्या किंवा सडपातळ पोराच्या वाट्याला तोच शॉक येतो, आणि वर सल्ला मिळतो : हवा कमी कर.

सल्ला चूक नाही, अर्धा आहे. शॉकमध्ये दोन यंत्रं एकत्र नांदतात. हवा ही स्प्रिंग. ती वजन पेलते. तेल आणि त्याच्या वाटेतल्या झडपा हा डॅम्पर. तो हालचालीचा वेग आवरतो, दार धाडकन आपटू न देणाऱ्या डोअर क्लोजरसारखा. हवा पंपाने हवी तेवढी कमी करता येते. झडपांवर मात्र पंपाचा काही परिणाम होत नाही. ८० किलोंच्या जागी ५० किलो बसले, तर स्प्रिंगइतकंच डॅम्पिंगही उतरायला हवं, म्हणजे सुमारे ६२ टक्क्यांवर. ते लाल बटण रीबाउंडचं, म्हणजे दबलेला शॉक परत उघडण्याच्या वेगाचं; ते पूर्ण उघडलं तरी पुष्कळ शॉक तिथवर उतरत नाहीत.

मग काय होतं? ओळीने दगड आले की पहिल्या दगडावर शॉक दबतो, पण हवा कमी असल्याने त्याला परत बाहेर ढकलणारा जोरही कमी. तो पूर्ण उघडायच्या आत दुसरा दगड येतो, मग तिसरा. शॉक खालीखाली बसत जातो आणि कडक लागतो. रायडर म्हणतो, ‘कडक आहे’, आणि आणखी हवा सोडतो. दुखणं तिथेच वाढतं. रीबाउंड मंद असण्याचा त्रास कडकपणाच्या नावावर खपवला जातो, ही हलक्या रायडरची सगळ्यात मोठी फसगत.

भर म्हणून सीलचं घर्षण वजन बघून कमी होत नाही. चाक, टायर, कॅसेटही हलक्या माणसासाठी हलके होत नाहीत. म्हणून ज्या फ्रेमचा लिव्हरेज रेशो जास्त, तीनच्या आसपास, ती हलक्या रायडरला बहुधा जास्त मानवते : शॉकवर जोर जास्त येतो, हवाही जास्त भरावी लागते आणि घर्षण कमी जाणवतं.

घरी करण्यासारखं बरंच आहे. पौंडात जेवढं वजन, तेवढे पीएसआय इथून सुरुवात करा. ५० किलोंना ११०. हवा भरताना मधेमधे शॉक सावकाश दाबत राहा, म्हणजे आतल्या उलट बाजूच्या कप्प्यातही हवा पोचते. हे टाळलं की मोजमाप खोटं येतं. मग पूर्ण सामानासह सायकलवर बसा, दांड्यावरची रबरी रिंग सीलला टेकवा, अलगद उतरा आणि रिंग किती सरकली ते मोजा. नुसत्या वजनाने शॉक जेवढा बसतो, तो सॅग : ६० मिलिमीटरच्या शॉकवर १८ म्हणजे ३० टक्के. मोठ्या उडीनंतरही रिंग टोकाला जात नसेल, तर हवेच्या नळीतला प्लास्टिकचा स्पेसर काढा. रीबाउंड पूर्ण उघडून तिथून एकेक क्लिक बंद करत या. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत.

एवढं करूनही शॉक मंदच वाटला, तर डॅम्पर उघडणं आलं. आत पिस्टनवर कागदासारख्या पातळ पोलादी चकत्यांची चळत असते. तेलाच्या दाबाने त्या वाकतात आणि वाट देतात. त्या पातळ किंवा कमी केल्या, तेल पातळ घातलं, की हलक्या माणसाच्या जोरावरही झडप उघडते. हे काम घरी करू नका. आत नायट्रोजन जबर दाबाने भरलेला असतो.

कंपन्यांना हे ठाऊक नाही असं नव्हे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या डुरँगोला क्रॉस-कंट्रीची विश्वविजेती ठरलेल्या ज्युलियाना फर्टाडो यांच्या नावाने सांता क्रूझ या सायकल कंपनीने सायकली काढल्या. पुढे त्यातल्या बऱ्याच सायकलींची फ्रेम सांता क्रूझचीच, पण शॉकचं ट्यूनिंग हलकं असायचं. सोय चांगली, पण ती बायकांची सोय म्हणून विकली गेली. शॉकला बाई-पुरुष कळत नाही, किलो कळतात. आपल्याकडे ५५ किलोंचे पुरुष रायडर काही कमी नाहीत.

तेव्हा नवी सायकल घेताना रंगाच्या आधी शॉकचं ट्यूनिंग कोणतं ते विचारा. जुनी असेल तर डॅम्परच्या सर्व्हिसला शॉक तसाही उघडला जातोच. त्या वेळी चिठ्ठीवर स्वतःचं वजन आणि फ्रेमचा लिव्हरेज रेशो लिहून द्या, आणि रीबाउंडच्या हलक्या चकत्या मागा.