मास्तरांचा आकडा : ६१७४

दोस्तांनो, शनिवारची सकाळची शाळा होती. चौथीचा वर्ग. पण फळ्यापाशी मी नव्हतो, मागच्या बाकावर बसलो होतो. फळ्यापाशी होती आपल्या मुरबाडकडचीच एक ताई. ती याच वर्गात शिकली. आता रोज एसटीने शहापूरला कॉलेजला जाते. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय गणित.

आदल्या आठवड्यात ती भेटली, तेव्हा जरा हिरमुसलेलीच होती. म्हणाली, "गुरुजी, बी.एस्सी.नंतर बी.एड. करायचं, हायस्कुलात गणित शिकवायचं, असं ठरवलंय. पण सगळे म्हणतात, शाळेत शिरलीस की तुझं गणित संपलं! मग जन्मभर तेच पाढे, तीच उदाहरणं. खरं का हो?"

मी तिला कापरेकर मास्तरांची गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगतो.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. डहाणू आज पालघर जिल्ह्यात आहे, पण २०१४ पर्यंत ते आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. दत्तात्रय आठ वर्षांचा असताना आई गेली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यामुळे घरात सदा आकडेमोड. ठाण्याला शाळा झाली, मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. तिथे विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. त्यापुढची पदवी काही घेतली नाही. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

मग त्यांचं गणित संपलं का? छे!

आसनगावहून मुंबईकडे जाणारी लोकल धरली, की कल्याणनंतर डोंबिवली येतं ना? त्या स्टेशनाला तेव्हा डेम्लो म्हणत. तिथे त्यांना काही गमतीदार संख्या सुचल्या. ११ ला ११ ने गुणा : १२१. १११ ला १११ ने गुणा : १२३२१. आकडे कसे जिना चढतात आणि उतरतात! अशा संख्यांना त्यांनी स्टेशनाचंच नाव दिलं, डेम्लो संख्या.

पण त्यांची खरी कमाल म्हणजे ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. मास्तरांच्या निवृत्तीचं साल घेऊ, १९६२ :

९६२१ − १२६९ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
७६४१ − १४६७ = ६१७४

बघा, आकडा तिथेच अडकला! जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच येतो. (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य मांडायला विसरू नका.) १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी 'हे कसलं गणित, हा तर पोरखेळ' म्हणून दुर्लक्ष केलं. मास्तर आपले शोध पदरमोड करून छापत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला त्यांची ओळख पटली. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. पेन्शन पुरत नसे म्हणून ते शिकवण्या करत. १९८६ साली ते वारले. आज त्या आकड्याला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

तर त्या शनिवारी ताईने हाच खेळ फळ्यावर मांडला. वर्गाने पाट्या काढल्या. एरवी हातचा घ्यायचा म्हटलं की तोंडं वाकडी करणारी पोरं, पण सहा-सहा वजाबाक्या करत बसली. "बाई, आला! माझा पण आला!" असा नुसता कल्ला. तेवढ्यात मागून एकाने विचारलं, "बाई, पण ६१७४च का येतो?"

ताई थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. मग ती म्हणाली, "मला आत्ता नाही सांगता येत. शोधते आणि पुढच्या शनिवारी सांगते."

जाताना मी तिला एवढंच म्हटलं, "बघ, संपलं का तुझं गणित?"

तुमच्यासाठी गृहपाठ : तीन अंकी संख्या घेऊन हाच खेळ खेळा. कोणता आकडा भेटतो, ते शोधा. आणि तो का भेटतो, हे तुमच्या बाईंना जरूर विचारा!