पहिल्या वर्षातील उमेदवारी

पूर्वी आपल्या पेढ्यांवर मुलगा आधी गोण्या मोजी, मग तागडीपाशी उभा राही. रोजमेळ त्याच्या हाती फार उशिरा येई. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची ‘इंटर्नशिप’ म्हणजे हीच उमेदवारी होय.

माझ्या नातवास ती महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी हवी होती. अर्ज पुष्कळ केले; बहुतेकांचे उत्तरही आले नाही, कारण वरच्या वर्गातील मुलांस अग्रक्रम असतो. तो खचला. मी म्हणालो, “बाळ, नमुना पाहिल्यावाचून गिऱ्हाईक माल घेत नाही. तुझा नमुना कोठे आहे?”

सुटीत त्याने आमच्या गुदामातील आवक-जावक व बारदानाचा हिशेब ठेवणारी आज्ञावली ‘पायथन’ भाषेत लिहिली. पहिल्याच आठवड्यात तिने चाळीस गोण्यांची चूक दाखविली. चूक माझीच होती! हाच नमुना पाहून एका लहान कंपनीने त्यास दोन महिन्यांकरिता घेतले.

२००५ साली सुरू झालेला ‘गूगल समर ऑफ कोड’ हा उपक्रमही अठरा वर्षे पूर्ण झालेल्या नवशिक्यांस खुला आहे. तेथे इयत्तेपेक्षा कामाचा आराखडा पाहतात.

सभासद बंधूंनो, आपल्या पेढीचा हिशेब अशा एखाद्या मुलाच्या हाती देऊन पाहा. त्यास नमुना मिळेल, आणि आपल्यास कदाचित आपली चूक सापडेल.