निवडुंगाला पाणी, लव्हाळ्याला हवा

निवडुंग आणि लव्हाळा ही कुंडीतल्या झाडांची दोन टोके मानली जातात. एकाला पाणी नको, दुसऱ्याला पाणीच पाणी हवे, एवढ्या एका वाक्यात दोघांची निगा उरकली जाते. हे वाक्य इतक्या जणांकडून, इतक्या खात्रीने ऐकू येते की ते तपासावे असे कुणाला वाटतच नाही. रत्नागिरीत हौसेने आणलेला निवडुंग जुलैत बुंध्याशी मऊ पडून कोसळतो, तेव्हाही दोष या वाक्याला न लागता मालकाच्या ‘हाताला गुण नाही’ म्हणून मिटवला जातो.

मूळ पाण्याने कुजत नाही, हवेवाचून कुजते. मुळांच्या पेशी जिवंत असतात, त्या श्वसन करतात आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून घेतात. या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट मंद गतीने पसरतो. गुदमरलेले मूळ मरू लागते आणि मग पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे बुरशीसदृश जीव त्यात शिरतात. फायटोफ्थोरा कोकणाला नवा नाही. सुपारीचा कोळे रोग त्याच्याच एका जातीमुळे होतो.

त्याच चिखलात लव्हाळा मजेत उभा असतो, तो पाणी जास्त सोसतो म्हणून नव्हे. त्याच्याजवळ हवा खाली नेण्याची सोय असते. छत्री लव्हाळ्याचा देठ आडवा कापला तर आतला भाग स्पंजासारखा सच्छिद्र दिसतो. या पोकळ्यांची साखळी थेट मुळांपर्यंत जाते आणि वरचा प्राणवायू तिच्यातून खाली पोचतो. म्हणूनच त्याची कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवली तरी बिघडत नाही. जुने पिवळे देठ काढताना मात्र ते पाण्याच्या पातळीच्या वर कापावेत, म्हणजे पाणी या पोकळ्यांत शिरत नाही.

निवडुंगाच्या मुळांना अशी सोय नाही. वाळवंटी निवडुंगाची मुळे बहुधा उथळ आणि दूरवर पसरलेली असतात. पाऊस पडला की त्यांना थोड्याच वेळात नवी बारीक मुळे फुटतात, मिळेल तितके पाणी झाड ओढून घेते आणि खोडाच्या धारा बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या फुगतात. पुढे तेच पाणी पुरवून वापरले जाते. बहुतेक निवडुंगांची रंध्रे दिवसा मिटलेली आणि रात्री उघडी असतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून प्रकाशसंश्लेषण दिवसा होते. यामुळे बाष्प कमी उडते, वाढही सावकाश होते. पण यातून ‘पाणी नको’ असा अर्थ कुठेच निघत नाही. आठवड्याला चमचाभर पाणी शिंपडण्याची जी पद्धत घरोघरी दिसते ती तर सगळ्यात वाईट: वरचा थर ओला, खालची मुळे कोरडी. वाढीच्या काळात कुंडीच्या तळाच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत द्यावे आणि मिश्रण पूर्ण सुकेपर्यंत थांबावे. किती दिवस थांबायचे ते कॅलेंडर सांगू शकत नाही. कुंडीत काडी खोचून ती कोरडी निघते का, ते बघावे लागते.

रत्नागिरीत वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. महाराष्ट्राच्या कोरड्या भागांसाठी लिहिलेले सल्ले इथे तसेच्या तसे चालत नाहीत. पावसाळ्यात वाळवंटी निवडुंग पागोळीखाली नको, बंद खोलीतही नको. वर पारदर्शक पत्रा आणि चारही बाजू मोकळ्या अशी जागा लागते, आणि त्या दिवसांत पाणी जवळजवळ बंद. मिश्रणात निम्म्याहून अधिक भाग जांभ्याची बारीक खडी आणि नदीची जाडी रेती असावी. समुद्राची रेती घेऊ नये, तिच्यात क्षार आणि शिंपल्यांचा चुना असतो. कुंडी मातीची बरी, कारण तिच्या भिंतींतूनही ओल निघून जाते. चार महिने अंधारलेल्या आभाळाखाली राहिलेले झाड ऑक्टोबरच्या उन्हात एकदम ठेवले तर भाजते. त्याला टप्प्याटप्प्याने बाहेर काढावे. बुंधा तपकिरी आणि मऊ झालाच, तर स्वच्छ सुरीने आत एकही तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत वरच्या बाजूला कापत जावे, निरोगी तुकडा सावलीत काप सुकेपर्यंत ठेवावा आणि कोरड्या मिश्रणात लावावा.

‘निवडुंग आणि पाऊस यांचे जमत नाही’ हा निष्कर्षही घाईचा आहे. त्याचा पुरावा कोकणातल्या असंख्य अंगणांत उभा आहे. पावसाळी रात्री फुलणारे, शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवले जाणारे ‘ब्रह्मकमळ’ हा खराखुरा निवडुंग आहे: एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. हिमालयातले ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले, ते वेगळे. एपिफायलम मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढते. त्याला पाऊस हवा, पालापाचोळ्याचे भुसभुशीत मिश्रण हवे, थोडी सावली हवी. ड्रॅगन फ्रूटचा वेलही निवडुंगच. मुळांशी हवा खेळती राहिली तर या दोघांनाही पाऊस मानवतो.

दुसऱ्या टोकाला, ‘लव्हाळ्याला बारमाही चिखल हवा’ हेही सरसकट खरे नाही. रत्नागिरीभोवतीच्या सड्यांवर जुलैत कातळावरच्या बोटभर मातीत लव्हाळ्याच्या कुळातल्या अनेक जाती उगवतात. डिसेंबरात तोच सडा तापलेला, उघडा दगड असतो. वर्षायू जातींनी तोवर बी टाकलेले असते, बाकीच्या जमिनीखाली थांबतात. नागरमोथा हा तर कोरड्या बांधावरही तग धरणारा लव्हाळाच. कुंडीतल्या छत्री लव्हाळ्याला मात्र ओल लागतेच. एप्रिल-मे महिन्यांत विहिरी खाली जातात तेव्हा त्याची थाळी सुकू देऊ नये. न्हाणीचे पाणी जिथे वाहते तिथे जमिनीत लावला तर वेगळे पाणी घालावे लागत नाही. नवे रोप करायला छत्रीसकट देठाचा तुकडा पाण्यात उलटा बुडवून ठेवला तरी छत्रीच्या मध्यातून मुळे आणि कोंब फुटतात. थाळीतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून घासावे, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते.

गडग्यावर वर्षानुवर्षे भर पावसात उभा असलेला तीनधारी निवडुंग पाहून ‘मग माझाच कसा कुजला?’ असे विचारले जाते. तो कॅक्टस, म्हणजे खरा निवडुंग, नाही. तो युफोर्बिया, एरंडाच्या कुळातला, भारतातलाच. शिवाय जांभ्याच्या रचीव दगडांत त्याच्या मुळांशी पाणी थांबत नाही. कॅक्टसचे कूळ मूळचे अमेरिकेतले आणि फड्या निवडुंगसुद्धा तिकडून आणलेला. रिप्सॅलिसची एकच जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेत निसर्गतः सापडते. ओळखायची खात्रीची खूण म्हणजे काटे जिथून निघतात ती लवदार गादी. ती फक्त कॅक्टसला असते. पांढरा चीक ही पुरेशी खूण नाही, कारण मॅमिलारियाच्या काही जातींतही दुधी रस असतो. युफोर्बियाचा चीक मात्र डोळ्यांना घातक, म्हणून छाटणी करताना हातमोजे आणि चष्मा हवा.

उरलेले गैरसमज थोडक्यात. लव्हाळा गवत नाही: गवताचा देठ बहुधा गोल, पोकळ आणि पेरांचा असतो, लव्हाळ्याचा बहुधा तीनधारी, भरीव आणि बिनपेरांचा, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या महाराष्ट्राच्या एकदलिकित वनस्पतींच्या ग्रंथातही ही दोन कुळे वेगळी आहेत. रोपवाटिकेतला ‘अंब्रेला पाम’ हा पाम नसून छत्री लव्हाळाच. लाल-पिवळ्या डोक्याचा निवडुंग ही वेगळी जात नाही, हरितद्रव्य नसलेल्या झाडाचे हिरव्या खुंटावर केलेले कलम आहे आणि ते फार वर्षे टिकत नाही. संगणकाशेजारचा निवडुंग किरणोत्सर्ग शोषत नाही. ज्या 1989 च्या नासा अहवालाचा दाखला दिला जातो तो बंद पेटीतल्या रासायनिक वाफांबद्दल होता, त्यात किरणांचा विषय नव्हता. आणि नागरमोथा उपटून जात नाही: जमिनीखालच्या गाठींची माळ तुटते, आणि मागे राहिलेल्या गाठींतून पुन्हा नवे कोंब येतात.