झडप उचलायची ती कानशिलापासून

पुण्यात स्वारगेटच्या भुयारी स्थानकातून मेट्रोत बसलं की पुढचंच स्थानक मंडई. २९ सप्टेंबर २०२४ला हा मार्ग सुरू झाल्यापासून तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाणं फारच सोपं झालं आहे. घरच्या घरी आयर्न मॅनचं शिरस्त्राण बनवायला घेतलेल्याची यादी ठरलेली असते: दोन एसजी ९० सर्व्हो मोटरी, एक आर्डुइनो नॅनो, डोळ्यांसाठी पांढरे एलईडी, वायरी आणि एक बटण. सगळं एका पिशवीत मावतं आणि अर्धं काम उरकलं असं वाटू लागतं. पण चेहऱ्यावरची झडप नेमकी कुठल्या बिंदूभोवती फिरवायची, हा खरा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर कुठल्याच दुकानात मिळत नाही.

कवच उभं करणं त्या मानाने सोपं. चपलांच्या तळव्यांना लागतो तोच ईव्हीए फोम कागदी नमुन्यावरून कापायचा, हॉट एअर गनने गरम करून गुडघ्यावर दाबत बाक द्यायचा आणि कडा फेविबाँडने जोडायच्या. गोंद दोन्ही कडांना लावून तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावं लागतं. घाईत चिकटवलेला जोड सुटतो आणि वाकडा बसलेला जोड सरळ करता येत नाही. एवढं सांभाळलं की टोप तयार.

मग झडप.

मोटरसायकलच्या हेल्मेटची काच वर करून पाहिली तर बरंच काही कळतं. ती दोन्ही कानशिलांजवळच्या खुंट्यांवर फिरते आणि कपाळाला न घासता वर जाते, कारण त्या खुंट्यांपासून काचेचं अंतर कपाळाच्या घुमटापेक्षा सगळीकडे थोडं जास्त ठेवलेलं असतं. आयर्न मॅनची झडप मात्र सपाट, हनुवटीपर्यंत उतरलेली आणि कपाळावर टोपाच्या आत खोचलेली. ती एका खुंटीवर फिरवायला गेलं की वरची कड लगेच अडकते. २००८च्या चित्रपटात हा प्रश्न पडला नाही. तिथलं बरंचसं चिलखत इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या संगणकांवर हललं. घरी उपाय दोनच. खुंटी मागे-वर सरकवत जागा शोधायची, नाहीतर प्रत्येक बाजूला दोन-दोन पट्ट्यांची जोडणी करायची, म्हणजे झडप आधी पुढे येते आणि मग वर जाते. पहिला उपाय स्वस्त, दुसरा देखणा. पहिल्यांदाच करणाऱ्याने पहिलाच धरावा.

जागा शोधायला पुठ्ठा पुरतो. टोपाची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर कापायची, झडपेचा तुकडा वेगळा कापायचा, दोन्हींतून टाचणी घालायची आणि फिरवून पाहायचं. टाचणी काही मिलिमीटर हलली तरी गणित बदलतं. जागा पक्की झाली की दोन्ही बाजूंच्या भोकांतून एक सरळ सळई आरपार घालून बघायची. ती तिरपी जात असेल तर झडपही तिरपीच उघडणार. हे सगळं मोटरी लावण्याआधी. झडप बोटाने अलगद उघडत नसेल तर ती मोटरनेही उघडणार नाही.

एसजी ९०चं वजन ९ ग्रॅम. मध्यापासून १ सेंटिमीटरवर ती साधारण १.८ किलोचा भार रोखते, म्हणजे १० सेंटिमीटरवर फक्त १८० ग्रॅम. झडप १२० ग्रॅमची असेल आणि तिचा भार खुंटीपासून १० सेंटिमीटर पुढे पडत असेल तर एका मोटरीची दोन तृतीयांश ताकद निव्वळ वजन पेलण्यातच जाते. शिवाय झडप मिटलेली असताना हा भार जवळजवळ सर्वांत जास्त असतो आणि मोटरीला तिथूनच हलायचं असतं. म्हणून दोन मोटरी लावतात. पण त्या समोरासमोर बसत असल्याने एकीला जो कोन, तो १८०तून वजा करून दुसरीला द्यावा लागतो. त्यात थोडा जरी फरक पडला तरी दोघी एकमेकींशी भांडतात, गुणगुणतात आणि तापतात. म्हणून झडप जागेवर बसली की इशारा बंद करून तिला छोट्या चुंबकांवर सोपवणं चांगलं. वीजही बोर्डमधून घेऊ नये. मोटरी जोर लावताच दाब घसरतो आणि आर्डुइनो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वेगळी बॅटरी घ्यावी, ऋण तार मात्र दोघांची एकच ठेवावी.

गणपतीतले हलते देखावे पाहत वाढलेल्या पुण्याला मोटरच्या गोल फिरण्यातून वर-खाली होणारा हात काढणं नवं नाही. पण देखाव्यातलं सगळं जड सामान मंचाखाली दडवता येतं. इथे मंच म्हणजे घालणाऱ्याची मान. त्यामुळे बॅटरी कमरेला बांधलेली बरी. जुन्या कारागिरांनी हा हिशेब मोटरीशिवाय सोडवला होता. भारतीय शिरस्त्राणांवर नाकापुढे येणारी लोखंडी पट्टी नको तेव्हा वर सरकवून अडकवता येत असे. स्वारगेटहून पायी जाता येईल अशा राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं आणि चिलखतं आहेत. बिजागरी आखण्याआधी तिथे एक चक्कर मारावी.

हेल्मेटसक्तीविरुद्ध जानेवारी २०१९मध्ये मोर्चा काढणाऱ्या शहरात एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. फोमच्या या टोपाला डोक्याचं रक्षण करता येत नाही आणि एलईडी लागले की समोरचं नीट दिसतही नाही. कार्यक्रमाला दुचाकीवरून जाताना तो पिशवीत ठेवावा आणि डोक्यावर आयएस ४१५१ची खूण असलेलं हेल्मेटच घालावं.