धावत्या गाडीतली रेंज कशी मोजतात?

रत्नागिरी सोडून गाडी दक्षिणेला निघाली की पानवलचा पूल लागतो. उंची सुमारे 64 मीटर. कटिंगच्या भिंतींआडून गाडी एकदम मोकळ्यावर येते, पुन्हा डोंगरात शिरते, आणि डब्यात ‘हॅलो, हॅलो’ सुरू होतं. उत्तरेला भोके आणि उक्षीच्या मधल्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात तर बाहेरच्या टॉवरच्या लहरी डोंगर भेदून पोचतच नाहीत.

मोकळ्यावरही लहर एकाच वाटेनं येत नाही. एक थेट येते, दुसरी डोंगरावर आपटून. 300 मीटर जास्त फिरलेली लहर एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, उशिरा पोचते. या लहरी मिसळल्या की कुठे सिग्नलला जोर चढतो, कुठे तो जवळजवळ मरतो. 900 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 33 सेंटीमीटर. तिच्या निम्म्यानं, वीतभरही नाही, फोन सरकला की सगळं पालटू शकतं, आणि ताशी 120 किलोमीटरनं धावणारी गाडी तेवढं अंतर 5 मिलिसेकंदांत कापते!

मग फोन बोलणं सांभाळतो कसा? सतत मोजत राहून. घाटात टाळी वाजवून प्रतिध्वनी ऐकावा, तशी टॉवर आधीच ठरलेली खूण पाठवतो आणि ती किती उशिरा, किती बिघडून आली हे फोन तपासतो. टूजीमध्ये संदेशाच्या प्रत्येक तुकड्यात मधोमध 26 बिट याच कामाला दिलेले असतात. तुकडा 577 मायक्रोसेकंदांचा. तेवढ्यात ही गाडी दोन सेंटीमीटरही पुढे जात नाही, म्हणून घेतलेलं माप तो तुकडा वाचून होईपर्यंत खरं राहतं.

पण मोजून होण्याआधीच वाट बदलली तर? या प्रश्नाचा छडा लावला तो पुण्यात 1935 साली जन्मलेल्या थॉमस कैलाथ यांनी. पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1956 साली पदवी घेऊन ते अमेरिकेत एमआयटीत गेले. 1962 साली, मोबाइलचा जमाना यायच्या कितीतरी आधी, त्यांनी मर्यादा आखून दिली: लहरींच्या उशिराचा पसारा आणि वेगामुळे त्यांच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकाचा पसारा, यांचा गुणाकार 1 पेक्षा जास्त झाला तर अशी वाट पुरती मोजता येत नाही. पाच मायक्रोसेकंदांचा उशीर आणि ताशी 120चा वेग धरला, तर 900 मेगाहर्ट्झला हा गुणाकार एक हजारांश भरतो. पाण्याखाली मात्र संदेश ध्वनीनं जातो, सेकंदाला अवघ्या 1500 मीटरनं. तिथे उशीर प्रचंड वाढतो आणि मोजणं खरोखर अवघड होतं.

5जीच्या 3.5 गिगाहर्ट्झला वारंवारतेतला फरक 900च्या जवळजवळ चौपट होतो, म्हणजे मापंही तितकीच दाट घ्यावी लागतात. कोकण रेल्वेच्या मार्गावर टॉवर कुठे हवेत हे ठरवताना स्टेशनावर उभं राहून घेतलेलं माप पुरणार नाही. ते धावत्या गाडीतून, कटिंगमध्ये आणि पुलावरच घ्यायला हवं.