नोकरीपूर्वीची चौकशी : अधिकार कोणाचा आणि कुठवर?

पौष पौर्णिमेच्या सुमारास मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे मोठी यात्रा भरते. तिथला गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. बैल विकत घेणारा शेतकरी आधी त्याचे दात पाहतो, मग चार पावले चालवून बघतो. बैलाला कोणी काही विचारत नाही. याच परिसरातून कामाच्या शोधात कल्याण-भिवंडीकडे निघणाऱ्या आपल्या मुलामुलींचीही आता पारख होऊ लागली आहे. अनेकदा तीही त्यांना न विचारता होते. माणसाला मात्र याबाबतीत काही हक्क आहेत.

काही महिन्यांपूर्वी म्हशाजवळच्या एका पाड्यावरील तरुण आम्हांला भेटावयास आला. भिवंडीतील एका गोदामावर सुरक्षारक्षक म्हणून त्याची निवड झाली होती. पुढे निरोपच येईना. महिनाभर खेटे घातल्यावर त्याला तोंडी सांगण्यात आले, की ‘तुझ्या नावावर केस आहे.’ कोणती केस, कोणत्या न्यायालयात, हे सांगावयास कोणी तयार नव्हते. चौकशीअंती कळले, की ती केस त्याच नावाच्या आणि त्याच आडनावाच्या दुसऱ्याच माणसाची होती. आमच्या खेड्यांत एका आळीत एकाच नावाची तीन माणसे सापडतात, हे शहरातल्या कार्यालयात बसून संगणकावर नाव शोधणाऱ्याला कसे कळावे?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चौकशीच नको, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. आरोप कंत्राटी सफाई कामगारावर होता. संतप्त पालक रेल्वे रुळांवर उतरले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्यानंतर राज्य शासनाने शाळांतील कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचा आदेश काढला. खरे तर पॉक्सो कायद्याखालील २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने कायम आणि कंत्राटी अशा सर्वच कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करावयाची आहे. आपल्या शाळा, वसतिगृहे आणि बालवाड्याही त्यातून सुटत नाहीत. ‘तो आपल्याच धर्मग्रामातला आहे’ ही पडताळणी नव्हे. खाजगी सुरक्षारक्षकांसाठीही २००५ च्या कायद्याने अशी पडताळणी सांगितली आहे. तेव्हा त्या तरुणाची चौकशी झाली, ही तक्रार नाही. ती त्याच्यापासून दडवून ठेवली, ही तक्रार आहे.

आता अर्जातील प्रश्नांविषयी. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सरकारी नोकरीसंबंधी काही सूत्रे घालून दिली. उमेदवाराने खरी माहिती द्यावी. परंतु जे नेमकेपणाने विचारलेले नाही, ते सांगितले नाही म्हणून त्याला लबाड ठरविता येणार नाही. गुन्हा किरकोळ होता की गंभीर, निकाल काय लागला, याचा विचार अधिकाऱ्याने केला पाहिजे. गुन्हा नोंदविला जाणे, आरोपपत्र दाखल होणे आणि दोषी ठरणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून अर्जात नेमके काय विचारले आहे, ते दोनदा वाचावे आणि उत्तर खरेच द्यावे. लपवाछपवी बहुधा मूळ प्रकरणापेक्षा महाग पडते.

त्याआधी २०११ साली दिल्ली पोलिसांतील भरतीचे एक प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले होते. विशीतल्या वयात झालेल्या मारामारीचा खटला, ज्यातून तो तडजोडीनंतर सुटलाही होता, उमेदवाराने अर्जात सांगितला नव्हता. न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला आणि निकालपत्रात व्हिक्टर ह्यूगोच्या ज्याँ वालज्याँची आठवण काढली. पावाच्या तुकड्यासाठी चोरी केली आणि जन्मभराचा चोर ठरला, तोच तो. (त्याला चांदीच्या मेणबत्तीदाण्या देणारे बिशपही आमच्या वाचकांना आठवतील.)

काही दारे तर कायद्यानेच बंद केली आहेत. अल्पवयात हातून गुन्हा घडलेल्या मुलाला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार पुढे त्या कारणाने अपात्र ठरविता येत नाही. सोळा वर्षांवरील ज्या मुलाचा खटला प्रौढाप्रमाणे चालून तो दोषी ठरला, त्याचाच अपवाद आहे. तसेच एचआयव्हीची चाचणी ही नोकरीची अट म्हणून लादण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

खाजगी मालकाला पोलिसांचे दप्तर उघडून पाहण्याचा अधिकार नाही. चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र उमेदवार स्वतः पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करून मिळवू शकतो. न्यायालयांची माहिती मात्र संगणकावर खुली असते आणि चौकशी करणाऱ्या कंपन्या ती नावावरून शोधतात. घोटाळा होतो तो तेथेच. म्हणून केस असल्याचे सांगितले गेले, तर केस क्रमांक आणि न्यायालयाचे नाव लेखी मागावे, आणि वडिलांचे नाव, जन्मतारीख व पत्ता जुळतात का, ते पाहावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला. संमतीने दिलेली माहिती कशासाठी हवी, हे मराठीतूनही समजून घेण्याचा आणि चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि या तरतुदी प्रसिद्धीनंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. तोवर सही करण्यापूर्वी संमतीचा कागद वाचून त्याची प्रत मागून घेणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत. ठेवून घेऊ देऊ नयेत.

आमच्याकडे आलेल्या त्या तरुणाने अखेर स्वतःच अर्ज केला. ठाणे ग्रामीण पोलिसांचे प्रमाणपत्र आले, त्यात त्याच्यावर कोणताही गुन्हा नव्हता. गोदामावरची जागा तोवर भरली गेली होती. ते प्रमाणपत्र दाखवून त्याने दुसरीकडे काम मिळविले. तो कागद आजही तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जवळ बाळगतो.