जहाजापुढच्या होड्या

1971 च्या नोव्हेंबर महिन्यापासून भारतातील टपालावर नेहमीच्या तिकिटाशेजारी 5 पैशांचे आणखी एक तिकीट लावावे लागू लागले. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या साहाय्यासाठी तो कर होता. पेढीवरून बाहेरगावी जाणाऱ्या लिफाफ्यांवर ते चिकटवल्याची आठवण अनेक घरांतील ज्येष्ठांना आजही असेल. सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून आली होती आणि त्यांच्या पोषणाचा भार असा पैशापैशाने साऱ्या देशाने उचलला होता. ज्या लष्कराच्या अत्याचारांमुळे ही माणसे बेघर झाली, त्याला अमेरिकेतून शस्त्रसामग्री मिळत होती. तो पुरवठा थांबावा म्हणून त्याच अमेरिकेतील काही सामान्य नागरिक आपणच निवडून दिलेल्या सत्ताधाऱ्यांसमोर उभे राहिले, ही हकीकत मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

25 मार्च 1971 च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात संहार आरंभला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना त्या वेळी चीनशी संबंध जोडायचे होते आणि त्यासाठी पाकिस्तानचे याह्या खान हे त्यांचे मध्यस्थ होते. त्यामुळे याह्या खानांवर दबाव आणायचा नाही, असे त्यांचे धोरण ठरले. ढाक्यातील अमेरिकेचे वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी यांनी 6 एप्रिल रोजी तारेने आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध मतभेद नोंदवला. पुढे ब्लड यांना त्या पदावरून हलवण्यात आले.

याच सुमारास ढाक्यातील कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत काम करणारे अमेरिकन डॉक्टर जॉन रोहडे यांनी ओहायो राज्याचे सिनेटर विल्यम सॅक्सबी यांना पत्र लिहिले. पत्रात स्वतः पाहिलेल्या गोष्टींचा वृत्तांत होता. सॅक्सबी हे निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे. असे पत्र बाजूला सारणे त्यांना सोयीचे होते. त्यांनी तसे केले नाही. 29 एप्रिल रोजी त्यांनी ते संसदेच्या कामकाजात नोंदवून घेतले आणि पुढे डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर फ्रँक चर्च यांच्यासमवेत पाकिस्तानची मदत रोखणारी दुरुस्ती मांडली. सत्य नीट मांडले, तर ते विरुद्ध बाजूच्या माणसालाही हलवू शकते, याची ही साक्ष होय.

सरकार सांगत होते की शस्त्रपुरवठा थांबवला आहे. परंतु 22 जून रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केले की लष्करी सामग्री घेऊन पाकिस्तानी जहाजे अमेरिकन बंदरांतून निघतच आहेत. जुन्या परवान्यांवरचा माल अडवलेला नव्हता. कागदावर बंद आणि गोदीत चालू, असा तो व्यवहार होता. व्यापारी माणसाला त्यातील खोट समजावून सांगण्याची गरज नाही. वहीत एक आणि वखारीत दुसरे असेल, तर सचोटीचा माणूस त्याला काय म्हणतो, हे ठाऊकच आहे.

फिलाडेल्फियातील रिचर्ड टेलर आणि त्यांचे सोबती यांनी ही बातमी गंभीरपणे घेतली. टेलर हे क्वेकर पंथाचे. युद्धात भाग न घेणे हे या ख्रिस्ती पंथाचे तीन शतकांहून जुने व्रत आहे. तेथील बंगाली रहिवाशांसह ही मंडळी एकत्र आली. ‘पद्मा’ नावाचे पाकिस्तानी मालवाहू जहाज बाल्टिमोर बंदरात येणार असल्याचे कळताच त्यांनी छोट्या होड्या जमवल्या. 14 जुलै रोजी त्या होड्या अजस्र जहाजाच्या वाटेत जाऊन थांबल्या. हातात शस्त्र नव्हते आणि मुखी अपशब्द नव्हता. पोलिसांनी त्यांना अटक केली, तेव्हा त्यांनी प्रतिकार केला नाही. जहाज धक्क्याला लागले. दुसऱ्याच दिवशी निक्सन यांनी आपल्या नियोजित चीनभेटीची घोषणा केली. राजकारणाच्या त्या पटावर या होड्या नगण्यच दिसत होत्या.

तरीही त्या व्यर्थ गेल्या नाहीत. ही मंडळी गोदी कामगारांकडे गेली. ज्यांच्या हातांनी माल जहाजात चढतो, त्यांच्यापुढे त्यांनी आपली बाजू मांडली. फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी ती ऐकली आणि पाकिस्तानी जहाजावर माल चढवण्यास नकार दिला. परक्या देशातील, कधीही न पाहिलेल्या माणसांसाठी त्यांनी हातचे काम सोडले. ज्याला दिवसाच्या कमाईचे मोल कळते, त्यालाच या नकाराची किंमत कळेल.

जैन श्रावकाचाराच्या दृष्टीने येथे एक विचार सहज मनात येतो. पाच अनर्थदंडांत ‘हिंसादान’ हा एक मानला आहे. हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, हा त्याचा अर्थ. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांतील विषवाणिज्यातही शस्त्रांचा व्यापार गणला जातो. तलवार आपण उगारली नाही, आपण ती केवळ पुरवली, हा बचाव आचार्यांनी मान्य केला नाही. आधुनिक राष्ट्रे ज्याला ‘लष्करी मदत’ म्हणतात, तिच्याकडे या कसोटीने पाहिले, तर ‘मदत’ या शब्दाचा अर्थच तपासावा लागतो. टेलर यांना हे शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु पुरवणाऱ्याचाही दोषात वाटा असतो, ही जाणीव तीच होती.

संसदेतही वारे फिरले. न्यू जर्सीचे प्रतिनिधी कॉर्नेलियस गॅलाघर जूनमध्ये निर्वासितांच्या छावण्या स्वतः पाहून आले. 3 ऑगस्ट रोजी प्रतिनिधिगृहाने पाकिस्तानची मदत रोखण्याच्या बाजूने कौल दिला. त्याच महिन्यात सिनेटर एडवर्ड केनेडी छावण्यांत येऊन गेले. अखेर 8 नोव्हेंबर रोजी अमेरिकन सरकारने सुमारे 36 लाख डॉलर किमतीच्या सामग्रीचे उरलेले परवाने रद्द केले.

हे यश मर्यादित होते, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. तोवर असंख्य माणसे मारली गेली होती, आणि डिसेंबरमधील युद्ध टळले नाही. पाकिस्तानकडे इतर देशांची शस्त्रेही होतीच. होड्यांनी युद्ध थांबवले, असे म्हणणे खरे होणार नाही. परंतु आपल्या नावाने, आपल्या कराच्या पैशाने चाललेल्या धोरणाला ‘हे आम्हाला मान्य नाही’ असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले, आणि ते सांगताना समोरच्याला शत्रू मानले नाही.

लोकप्रतिनिधीशी मतभेद होणे हा द्रोह नव्हे. मत देऊन नागरिकाचे कर्तव्य संपत नाही. ज्याला आपण निवडले, त्याला वेळीच सावध करणे हाही त्या कर्तव्याचाच भाग आहे. मात्र त्यासाठी ऐकीव गोष्टींऐवजी पाहिलेले व पडताळलेले सांगावे लागते, भाषा संयमाची ठेवावी लागते आणि प्रसंगी स्वतःची झीज सोसावी लागते. डॉक्टरांच्या पत्रात पहिली गोष्ट होती, होड्यांत दुसरी आणि गोदी कामगारांच्या नकारात तिसरी.

ज्या सॅक्सबींनी ते पत्र वाचले आणि संसदेपुढे ठेवले, तेच पुढे 1975 मध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून दिल्लीस आले.